गाळून उरलेला सूर

आमच्या शिवाजी पेठेत माणूस गप्प बसला की लोकांना काळजी वाटते. इथे कुस्ती असो, फुटबॉल असो, तांबडा-पांढरा रस्सा असो, बोलायचे ते मोठ्याने आणि ठासून, अशीच रीत. त्यामुळे आमचे थोरले काका एका एकादशीला अभंगाच्या मध्यावर अचानक थांबले, तेव्हा देवळातल्या पंधरावीस माणसांनी एकदम माना वर केल्या. मृदंगावरचा हात थबकला. टाळ दोनचार ठोके चुकून थांबले. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तू वाजीव. मी ऐकतो. तुझ्या त्या पेटीत मला माझा आवाज गावंना झालाय."

काकांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते या भजनात गातात. त्यांना साथ करणारे पेटीवाले अंथरुणाला खिळले, पेटी त्यांच्या घरीच राहिली आणि तात्पुरती सोय म्हणून मी माझा जुना सिंथेसायझर घेऊन देवळात बसू लागलो होतो. मी व्यवसायाने वादक नव्हे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचो, गणेशोत्सवात गावोगावी हिंडायचो. पुढे संसार लागला मागे आणि वाद्य गेले माळ्यावर. इतक्या वर्षांनी ते खाली काढून आपण घरच्या माणसाची सेवा करतो आहोत, अशी माझी समजूत. आणि इथे तर त्या सेवेनेच माणूस गायचा थांबला!

आवाज मोठा होता म्हणावे, तर तो मी आधीच कमी केला होता. पट्टी चुकली म्हणावे, तर काळी एक ही काकांची ठरलेली पट्टी. मग खुपत होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले, ते आज वाचकांपुढे ठेवायचे आहे. कारण आज घराघरांत कुणाच्या ना कुणाच्या मुलासाठी आणलेला एखादा की-बोर्ड पडलेला असतो, आणि "याचा आवाज काही आपला वाटत नाही" असे म्हणून आपण एक तर तो गुंडाळून ठेवतो किंवा त्याहून महाग दुसरा आणायला निघतो.

माझे वाद्य म्हणजे यामाहाचा डीएक्स सेव्हन. १९८३ साली तो बाजारात आला आणि पुढची काही वर्षे जगभरच्या गाण्यांत त्याची घंटी किणकिणत राहिली. मी तो १९९१ मध्ये मुंबईहून वापरलेला घेतला. त्याची नादाची युक्ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधली. एका लहरीने दुसऱ्या लहरीला फार वेगाने थरथरवायचे, म्हणजे त्यातून अनेक नव्या लहरी उमटतात. डीएक्स सेव्हनमध्ये अशा सहा लहरी आणि त्यांच्या एकमेकांशी बत्तीस प्रकारच्या जोडण्या आहेत. त्यातून काचेसारखा, पितळेसारखा लखलखीत आवाज येतो. ऑर्केस्ट्रात त्या लखलखीवर टाळ्या पडायच्या. देवळाच्या दगडी गाभाऱ्यासमोर तीच लखलख सुईसारखी टोचत होती.

हे मला माझ्या कानाने नव्हे, शेजारच्या एका पोराने सांगितले. इंजिनिअरिंगला शिकणारा मुलगा. गल्लीतल्या लग्नांची चित्रफीत जुळवून देतो आणि रात्री आपल्या खोलीत लॅपटॉपवर काहीबाही सूर जुळवत बसतो. माझे वाद्य पाहून आधी तो हरखला, आणि मग म्हणाला, "काका, ह्याला फिल्टरच नाही ओ!" तीस वर्षे मी हे वाद्य बाळगले आणि त्यात काय नाही हे मला तीस वर्षांनी कळले.

फिल्टर म्हणजे काय, हे समजायला यंत्र लागत नाही. आत्ता या पुरवणीची घडी बाजूला ठेवा आणि एकच सूर धरून 'ऊ' म्हणा. सूर न बदलता 'ऊ'चा 'आ' करा, 'आ'चा 'ई' करा. गळ्यातून निघणारा नाद तोच आहे. बदलला तो फक्त तोंडाचा आकार. तो आकार नादातले काही अंश अडवतो, काहींना वाट करून देतो आणि तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला अक्षर ओळखू येते. आपले तोंड हाच माणसाला मिळालेला पहिला फिल्टर.

कारण कुठलाही सूर एकटा नसतो. काळी एकच्या मधल्या 'सा'ची सेकंदाला सुमारे २७७ कंपने धरली, तर त्याच्या पोटात ५५४, ८३१, ११०८, १३८५ असे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर दडलेले असतात. तानपुऱ्यातून न वाजवता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो यांतलाच पाचवा. हे उपस्वर किती आणि कोणते, यावर सनई सनईसारखी आणि बासरी बासरीसारखी वाटते. सिंथेसायझरमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा फिल्टर एक रेषा आखतो. रेषेखालचे उपस्वर जाऊ देतो, वरचे दाबतो. अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या रचून असा फिल्टर बनवला आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यात रेषेच्या वर एक सप्तक गेले की लहरीची उंची सोळाव्या हिश्श्यापर्यंत उतरते. आधी भरगच्च उपस्वरांचा नाद घ्यायचा आणि मग नको ते काढून त्याला रूप द्यायचे, हीच जुन्या सिंथेसायझरची रीत. पाथरवट दगडातून मूर्ती काढतो तसे.

डीएक्स सेव्हनने ही रीत सोडली. त्यात हवे तेवढेच उपस्वर घडवता येतात, मग चाळणी हवी कशाला, असा विचार. विचार चुकीचा नव्हता. पण नादाची चमक कमी करायची तर सहा लहरींचे आकडे एकेक करून, गुळगुळीत बटणे दाबत, इवल्याशा पडद्यावर बदलावे लागतात. ते किचकट काम फार थोड्यांनी केले. आम्ही बहुतेक जण कारखान्यातून आलेले तयार आवाजच वाजवत राहिलो. पुढच्या वाद्यांनाही आपापल्या मर्यादा होत्या. १९८७ च्या रोलँड डी फिफ्टीमध्ये मुद्रित केलेले नादाचे तुकडे फिल्टरमधून जातच नव्हते. १९८८ च्या कॉर्ग एम वनमध्ये फिल्टर होता, पण रेषेजवळचा नाद उठावदार करणारा रेझोनन्स, म्हणजे घुमारा, नव्हता. आज या यंत्रांत जे नाही ते बाहेरून जोडता येते, आणि हीच या पोराची युक्ती.

त्याने माझ्या वाद्याच्या पाठीमागून एक केबल काढली, हातभर लांबीच्या छोट्या डबीत घातली आणि डबी लॅपटॉपला लावली. सिंथेसायझरचा नाद लॅपटॉपमध्ये शिरायचा, तिथल्या सॉफ्टवेअरच्या फिल्टरमधून गाळला जायचा आणि मग स्पीकरला जायचा. पडद्यावर एक गोल खुंटी. ती त्याने डावीकडे फिरवली आणि खोलीतली काच जणू कुणी पुसून घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिलाच नसता. पहिल्या दिवशी मी खुंटी इतकी फिरवली की आवाज घोंगडे पांघरून बोलणाऱ्या माणसासारखा झाला. दुसऱ्या दिवशी घुमारा इतका चढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी मारू लागला. ही खोड पुष्कळ फिल्टरांना असते. तिसऱ्या दिवशी मृदंगवाल्याला बोलावले, तर तो म्हणाला, "तुम्ही मागनं यालाय." तेही खरे होते. कॉम्प्युटर सेकंदाला ४४,१०० वेळा नादाचे माप घेतो आणि ती मापे गठ्ठ्याने हाताळतो. ५१२ मापांचा गठ्ठा असेल तर आत येताना सुमारे १२ मिलिसेकंद आणि बाहेर जाताना तेवढेच. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा या चोवीस मिलिसेकंदांचा अर्थ पेटीवाला आठ मीटर लांब, देवळाच्या पायरीवर बसून साथ करतो आहे! पोराने गठ्ठा १२८ मापांचा केला. मी दोन मीटरवर आलो, म्हणजे निदान एकाच सतरंजीवर.

शेवटची अडचण सर्वांत बारीक. रेषा ८०० कंपनांवर ठेवली की मध्य सप्तकात गोड वाटायचे, पण तार षड्जाला गेलो की आवाजातला जीवच जायचा. तार 'सा'ची मूळ कंपनेच ५५४. त्याचा पहिलाच उपस्वर ११०८ वर, रेषेच्या पलीकडे. त्यावर उपाय असा, की रेषेनेही सुराबरोबर चढले-उतरले पाहिजे. डीएक्स सेव्हनच्या पाठीमागे मिडीची पाच पिनांची खोबण आहे. कुठली पट्टी दाबली हे त्यातून कॉम्प्युटरला कळते आणि फिल्टर त्याप्रमाणे सरकतो. वाद्याच्या डाव्या बाजूचे छोटे चाकही आम्ही त्याच रेषेला जोडले. काका आवाज उघडतील तेव्हा मीही थोडे उघडायचे, ते मिटतील तेव्हा मिटायचे. अंगठ्याखाली तोंडाचा 'ऊ' आणि 'आ' आला, असे म्हणा ना.

आता काकांना नेमके खुपत काय होते, ते सांगतो. की-बोर्डावरचे सूर समान अंतराने वाटलेले असतात आणि त्यातला गंधार गळ्याच्या नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. काळी एकच्या 'सा'चा पाचवा अंश १३८५ च्या आसपास येतो. की-बोर्डावरच्या गंधाराची चौपट १३९७ च्या आसपास. हे दोन सूर एकमेकांवर सेकंदाला दहा-अकरा वेळा आपटतात आणि कानाला खरखर जाणवते. नाद जितका लखलखीत, तितकी ही आपटाआपटी ठळक. फिल्टरने गंधार शुद्ध होत नाही, तो चढा तो चढाच. पण जिथे टक्कर होते तो वरचा भाग खाली बसतो आणि गाणाऱ्याला स्वतःचा गंधार लावायला जागा मिळते. काकांना हे गणित ठाऊक नव्हते. त्यांनी ते एका वाक्यात सांगितले होते आणि मला ते समजायला तीन महिने लागले.

या खटाटोपावर माझ्या ऑर्केस्ट्रातल्या जुन्या सोबत्यांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा, की नव्या की-बोर्डात हार्मोनियमचा आवाज तयार मिळतो, तो घ्यावा आणि सुटावे. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावा. पण तो तयार आवाजही कुणाच्या तरी पेटीचा, कुठल्या तरी खोलीत मुद्रित केलेला. आमच्या देवळातला दगड आणि आमच्या काकांचा थकलेला गळा त्या कारखान्याला कसा ठाऊक असणार? तो आवाजही गळ्याप्रमाणे घडवावाच लागेल. एकदा कानाला काय काढायचे ते कळले, की जुने वाद्यही चालते. आणि ते कळले नाही तर नव्याचा हप्ता फेडूनही काका गप्पच बसतील.

दुसरा आक्षेप जरा वर्मी लागणारा. "कॉम्प्युटरने गाळलेला सूर खोटा," असे एक स्नेही म्हणाले. मी त्यांना विचारले, तानपुऱ्याची जवारी खरी की खोटी? इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. तिथले कारागीर घोडीचा माथा कानसाने इतका बारीक घासतात, की तार त्यावर किती टेकावी हे ठरते. जवारी खुली ठेवली की उपस्वर झळकतात, बंद केली की नाद मऊ होतो. मग तारेखाली सुताचा धागा पुढेमागे सरकवत गवई आपल्या गळ्याला मानवेल तो झंकार शोधतो. लॅपटॉपवरची खुंटी फिरवताना मी दुसरे काय करत होतो? मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्या कारागिराचा कान आपण उचलला तर तो खरा मान.

आणि पेटी तरी कुठे आपली होती? ती परदेशातून आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तक्रार हीच, की सूर ठोकळेबाज, मींड निघत नाही. पण तोवर कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी तिच्यावर असा हात फिरवला होता, की लोक पेटी ऐकायलाच बैठकीला यायचे. सिंथेसायझरही आपल्याकडे नवा नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूगचे यंत्र बसवले गेले आणि गीता साराभाई यांच्यासारख्यांनी त्यावर काम केले. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली. त्यातल्या एका छोट्या यंत्राचा सगळा जीवच फिल्टरच्या खुंटीत होता. ती तबकडी तेव्हा कुणाच्या फारशी कानावर गेली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगाने वळून पाहिले. परके वाद्य आपले होते ते वाजवणाऱ्याच्या कानामुळे, हेच या साऱ्यातून दिसते.

याच गावात दरबारगवई म्हणून राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट संगीतप्रेमींना ठाऊक आहे. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला. परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्यांनी गेलेल्याचा शोक न करता उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी बांधली आणि ती जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरली. आमच्या खटपटीची त्यांच्याशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण उरलेल्यातून सूर उभा राहतो, ही शिकवण कोल्हापूरच्या मातीत आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आज आपल्या आसपास सगळे काही वाढवण्याकडे कल आहे. मिरवणुकीत एका मंडळाने डॉल्बीच्या चार पेट्या लावल्या की दुसरे सहा लावते. मुलाला की-बोर्ड घेताना दुकानात आपण पहिला प्रश्न विचारतो, "टोन किती आहेत?" पाचशे म्हटले तर आपल्याला कमी वाटतात. त्यातला एखादा टोन मुलाने महिनाभर ऐकावा, त्यातले काय टोचते ते ओळखावे, ते थोडे काढून बघावे, असे कुणी सांगत नाही. संगीताच्या क्लासमध्ये अलंकार-पलटे शिकवतात, परीक्षेला बसवतात. ते हवेच. पण आठवड्यातून एक तास नाद कशाचा बनतो, हे 'ऊ-आ-ई' म्हणायला लावून, तानपुऱ्याचा धागा सरकवून, कॉम्प्युटरवरची खुंटी फिरवून शिकवायला काय हरकत आहे? बाबूराव पेंटरांनी कॅमेरा याच गावात जुळवून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. उद्यमनगरात आजही बंद पडलेले यंत्र भंगारात द्यायच्या आधी उघडून पाहतात. तोच हात जरा सुराकडे वळू द्या.

मात्र फिल्टरकडून भलती अपेक्षा नको. तो काढतो. जे मुळात नाही ते घालत नाही. बासरीच्या साध्या सुरातून सनई गाळून निघणार नाही. मींड त्याने येणार नाही, चुकीची पट्टी त्याने झाकणार नाही. वीज गेली की सगळेच बंद. एकदा भर भजनात लॅपटॉप अडला, तेव्हा काका पुढे गातच राहिले आणि आम्ही टाळावर भागवले. त्या दिवशीचा अभंग चांगलाच रंगला, हेही कबूल करतो.

त्या अडखळण्याच्या आधीच्या एका एकादशीला काकांनी पुन्हा गायला सुरुवात केली होती. मी काही बोललो नाही. डबी सतरंजीखाली ढकलली, लॅपटॉप मांडीआड ठेवला आणि अंगठा चाकावर ठेवून बसलो. पहिला अभंग झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला काकांनी तार षड्ज लावला, थरथरता, पण आपल्या जागेवर. भजन संपल्यावर प्रसाद घेताना मी भीतभीत विचारले, "काका, आज पेटी कशी वाटली?"

त्यांनी क्षणभर आठवून पाहिले.

"पेटी व्हय? ती कुठं वाजत हुती ते कळलंच न्हाई बघ," काका म्हणाले. "बरं झालं."